रिफंड आला, शिष्यवृत्ती गेली



दसरा होऊन आठवडा झाला असेल. आमच्या ऑफिसात एक शाहीर आले. पिशवीत प्लास्टिकची फाइल, फाइलीत कागद. नाव लिहीत नाही, काका म्हणते. तीस वर्षं कलापथक चालवतात, भीमगीतांपासून हुंडाबंदीच्या पथनाट्यापर्यंत सगळं करतात. त्यांची मुलगी पुण्यात नर्सिंगला आहे. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, “ताई, सरकारनं मला श्रीमंत केलंय. तेवढं कमी करून द्या.”

मला हसू आलं. कागद बघितल्यावर आलं नाही.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात काकांच्या पॅन नंबरवर ९ लाख २० हजार रुपये जमा दिसत होते. एका सरकारी खात्याच्या योजना प्रचाराचे चाळीस कार्यक्रम, बाकी एक ट्रस्ट आणि एक खासगी कंपनी. सगळ्यांनी कलम १९४ जे लावून दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे ९२ हजार. आता पथकात माणसं अकरा. गाडी, डिझेल, साउंड यात २ लाख १० हजार गेले. ढोलकी, हलगी, कोरस, नाटकातली पोरंपोरी अशा दहा जणांना मिळून ५ लाख ४० हजार दिले. काकांच्या वाट्याला राहिले १ लाख ७० हजार. पण कापलेले ९२ हजार त्यांनी कुणाकडून वसूल केले नाहीत, स्वतःच्याच वाट्यातून सोसले. म्हणजे वर्षभर राबून माणसाच्या हातात आले ७८ हजार.

रिफंड मिळेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते तालुक्याच्या गावी रिटर्न भरणाऱ्याकडे गेले. त्यानं पाचशे रुपये घेतले, दहा मिनिटांत आयटीआर ४ भरला. कलम ४४ एडीए. त्या कलमाचा अर्थ असा की तुम्ही ‘व्यावसायिक’ आहात, खर्चाचा हिशेब दाखवायची गरज नाही, जमा रकमेचा निम्मा भाग तुमचं उत्पन्न धरला जाईल. निम्मा म्हणजे ४ लाख ६० हजार. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत कर शून्य होता, त्यामुळे ९२ हजार परत आले. काकांनी पेढे वाटले.

नंतर मुलीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेले. रिटर्न आहे म्हटल्यावर रिटर्न जोडा म्हणाले. जोडलं. दाखला ४ लाख ६० हजारांचा आला. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. स्वाधार योजनेलाही अडीच लाखच. मुलगी दोन्हीतून बाहेर. फ्रीशिपमधून शिकवणी फी आणि परीक्षा फी सुटेल, पण पुण्यात राहायचं, खायचं कशावर?

आता ही गोष्ट ऐकून आपल्यातलेच शिकलेले लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. “फॉर्म चुकला. सीएला दाखवा.” फॉर्म चुकला हे खरंच. आयटीआर ३ भरून वहीप्रमाणे खर्च दाखवला असता तर उत्पन्न १ लाख ७० हजार निघालं असतं, रिफंड तेवढाच आला असता आणि शिष्यवृत्तीही शाबूत राहिली असती. पण फॉर्म चुकण्याच्या आधी एक गोष्ट चुकली होती. त्या अकरा माणसांना ‘एक व्यावसायिक’ ठरवून टाकलं गेलं होतं. कुणी ठरवलं? त्या खात्याच्या हिशेबनिसानं. का ठरवलं? कारण कर कमी कापला तर ठपका त्याच्यावर येतो, जास्त कापला तर डोकेदुखी कलावंताची. असा सरळ व्यवहार आहे तो. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित दहा टक्केच कापले असते.

कायद्यात हे ‘व्यावसायिक’ कोण, याची यादी आहे. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर. पुढे अधिसूचना काढून त्यात भर घातली गेली. १२ जानेवारी १९७७ च्या अधिसूचनेनं ‘फिल्म आर्टिस्ट’ आला. त्याची व्याख्या मोठी आहे: नट, कॅमेरामन, दिग्दर्शक, संगीतकार, नृत्यदिग्दर्शक, गायक, गीतकार, कथा-पटकथा-संवाद लेखक, ड्रेस डिझायनरसुद्धा. अट एकच, काम चित्रपटाच्या निर्मितीतलं हवं. म्हणजे लावणी करणारी बाई कॅमेऱ्यासमोर नाचली तर कायद्याच्या यादीत. तीच बाई त्याच रात्री फडावर नाचली तर यादीत नाही. आमचा शाहीर तर कुठेच नाही. १९४ जे आणि ४४ एडीए ही दोन्ही कलमं याच यादीवर उभी आहेत. यादी नीट वाचली तर काकांना दोन्ही लागू करणं शंकास्पद आहे. सरकारी योजनेचा प्रचार करणारं पथनाट्य जाहिरातीच्या कामात मोडतं, त्याला कंत्राटाचं कलम १९४ सी लावा, असा युक्तिवाद करता येतो. तिथं व्यक्तीला एक टक्का कापतात. ९२ हजारांच्या जागी ९ हजार २००.

एकच माणूस, एकच हलगी. लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या असता तरी एवढा गोंधळ झाला नसता.

दुसरं उदाहरण देते, म्हणजे हे फक्त गावाकडच्या अडाणीपणाचं प्रकरण नाही हे कळेल. आमच्या वस्तीतली एक मुलगी टीव्हीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत नाचते. महिना १८ हजार ठरलेले. सकाळी नऊला हजर, रात्री नऊच्या आधी सुट्टी नाही. दुसरीकडे काम घ्यायचं नाही, केस कापायचे तर विचारून. तिला वर्षाअखेरीस कंपनीकडून फॉर्म १६ मिळाला नाही, १६ ए मिळाला. पगारदाराला १६ मिळतो, ‘व्यावसायिका’ला १६ ए. तिला वाटलं, ए म्हणजे काहीतरी वरचा ग्रेड! त्या एका अक्षराची किंमत बघा. पगारदार धरली असती तर २ लाख १६ हजारांवर एक पैसाही कापला गेला नसता, कारण उत्पन्न करपात्रच नाही. व्यावसायिक म्हणून २१ हजार ६०० कापले गेले. शिवाय पीएफमध्ये मालकाचा बारा टक्के वाटा नाही, ईएसआयमध्ये सव्वातीन टक्के नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेटवर पाय मुरगळला तेव्हा पंधरा दिवस घरी बसली, बिनपगारी. स्वतंत्र व्यावसायिकाला कसली सिक लीव्ह? ती कुठल्या अर्थानं स्वतंत्र आहे, हे मला त्या कंपनीच्या अकाउंटंटनं एकदा समजावून सांगावं. तिला बाथरूमला जायला फ्लोअरवरच्या मॅनेजरला विचारावं लागतं.

आणि इथं एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो कंपन्या मुद्दाम जोपासतात. “तुझा टीडीएस १९४ जे मध्ये कापलाय, सहीपण केलीयस, आता तू कामगार कशी?” असं बजावतात आणि पोरं गप्प बसतात. टीडीएसचं कलम म्हणजे तुमच्या दर्जाचा दाखला नव्हे. तुम्ही कामगार की कंत्राटदार, हे प्रत्यक्षात काम कसं चालतं त्यावर ठरतं. १९५६ साली धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर सौराष्ट्रातले अगरिये होते, मिठागरात राबणारी माणसं. हंगामी काम, तासांचं बंधन नाही, मिठाच्या मणावर पैसे, वर मदतीला स्वतःची माणसंही लावायचे. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र कंत्राटदार. न्यायालयानं बघितलं की काम कसं करायचं यावर हुकूम कुणाचा चालतो. अगरिये कामगार ठरले. आमच्या नाचणाऱ्या मुलीवर जेवढा हुकूम चालतो त्याच्या निम्मासुद्धा त्या अगरियांवर नसेल.

आता त्या शब्दाकडे येते ज्यानं मला हा लेख लिहायला लावला. मानधन.

काकांच्या सगळ्या पावत्यांवर हाच शब्द आहे. अंगणवाडीताईला मानधन, आशाताईला मानधन, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मानधन, शाहिराला मानधन. आणि मंत्र्याला? वेतन आणि भत्ते. ज्याला मजुरी द्यायची नाही त्याला मान द्यायचा, ही या देशाची जुनी रीत आहे. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्हाला जजमानी व्यवस्था शिकवली. विल्यम वायझरचं १९३६ चं पुस्तक, मग त्यावरच्या टिपा: परस्परपूरक देवाणघेवाण, गावगाड्याची एकात्मता. माझी आजी बलुतं मागायला खळ्यावर गेलेली बाई होती. ती परस्परपूरकता तिला कधी दिसली नाही. तिला दिसायची ती सुपातली पाखडून उरलेली ज्वारी. बलुत्यालाही ‘हक्क’ आणि ‘मान’ म्हणत. मयताची वर्दी द्यायला सात कोस चालण्याचा मान, गावच्या जत्रेत पुढं हलगी वाजवण्याचा मान. त्या हलगीवाल्याला कामगार म्हणायला गाव तयार नव्हतं. आज आयकराचा फॉर्मही तयार नाही. गावानं त्याला हलका म्हणून कामगार मानलं नाही, फॉर्म त्याला वकील-डॉक्टरांच्या रांगेत बसवून कामगार मानत नाही. दोन्हीकडून त्याचा खिसा मात्र तोच कापला जातो.

सर्वोच्च न्यायालयानं या शब्दाचा बुरखा एकदा फाडलाय. २५ एप्रिल २०२२ चा मणिबेन मगनभाई भारिया खटल्याचा निकाल. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना सरकार म्हणत होतं, तुम्हाला मिळतं ते मानधन, वेतन नव्हे, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. न्यायालयानं म्हटलं की ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच, आणि त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे. त्या बायकांनी रस्त्यावर आणि कोर्टात लढून हे मिळवलं. कलावंतांची अशी लढाई कुठं आहे? आपण शाहिराच्या पुतळ्याला हार घालतो, त्याच्या हलगीवाल्याच्या पीएफबद्दल कुठल्याही मेळाव्यात ठराव होत नाही.

तमाशाचं घ्या. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतात, त्याआधी कलावंतांनी फडमालकाकडून उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. ऊसतोड कामगाराच्या कोयत्याला जी उचल, तीच ढोलकीला. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला नारायणगावात राहुट्या पडतात, तिथं गावकरी फडमालकाशी बोलतात, कलावंताशी नाही. कुठं खेळ, किती वाजता, कुठली वगनाट्यं, कोण कुठल्या गाडीत झोपणार, सगळं मालक ठरवतो. हा कामगार नसेल तर मग कामगार कोण? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, आणि शेवटच्या आजारात दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भरावं लागलं. मान मिळाला होता. कपाटभर.

फडमालक शत्रू आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक मालक स्वतः व्याजात बुडालेले, त्यांच्यावर पीएफचा बोजा टाकला तर उद्या फड बंद पडतील, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकत नाही. पण माथाडींचं काय झालं ते आठवा. १९६९ च्या कायद्यानं महाराष्ट्रात माथाडी मंडळं उभी राहिली. माल कुणाचाही असो, मजुरी आणि लेव्ही मंडळात जमा, तिथून कामगाराला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी. मालक बदलतो, मंडळ तेच राहतं. पाठीवर पोतं वाहणाऱ्यासाठी हे जमतं, तर गळ्यानं गाव जागवणाऱ्यासाठी का जमत नाही? जत्रा कमिटी, सरकारी खातं, चॅनेल, ज्यानं कार्यक्रम घेतला त्यानं लेव्ही भरावी. यासाठी नवी बुद्धी लागत नाही.

कामगार संहिता लागू झाल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, याचा गाजावाजा झाला. कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ अशी व्याख्या आहे. नट, वादक, गायक, निवेदक, नर्तक, डबिंग करणारे, स्टंट करणारे. वाचून बरं वाटलं, नाचणाऱ्या मुलीला नियुक्तिपत्र मागायला एक आधार मिळाला. मग लक्षात आलं की इथंही काम दृक्‌श्राव्य निर्मितीतलं लागतं. १९७७ मध्ये कॅमेरा लागत होता, आजही कॅमेराच लागतो. मातीवर उभा राहून गाणारा अजून कायद्याला दिसलेला नाही. अपवाद एक: जीएसटीत लोककला आणि शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाला, मोबदला दीड लाखापर्यंत असेल तर, सूट आहे. म्हणजे लोककलावंत नावाचा प्राणी अस्तित्वात आहे हे सरकारला माहीत आहे.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईत काळ्या बिलाविरुद्ध संप केला. त्या काळात जलशांची पथकं गावोगाव फिरत होती. चळवळ त्यांच्या पायावर उभी राहिली असं आपण अभिमानानं सांगतो. सांगूया. पण मग आपल्या जयंती मंडळांचा हिशेबही उघडूया. डीजेवाल्याला ॲडव्हान्स रोख, उरलेले मिरवणूक सुटायच्या आधी. शाहिराला शाल, श्रीफळ, पाकीट. पाकिटात किती हे स्टेजवरून उतरल्यावर कळतं. काही विचारलं तर, “शाहीर, समाजासाठी गाता ना?” हे वाक्य मी आमच्याच मंडळात ऐकलंय, आणि त्या दिवशी मी कोपऱ्यात खिचडी वाढत गप्प राहिले होते, हेही लिहून ठेवते.

काही जण म्हणतील, ४४ एडीए फायद्याचं आहे, निम्म्या रकमेवर कर नाही, कशाला तक्रार करता? वर्षाला चाळीस लाख घेणाऱ्या स्टारला ते फायद्याचं आहेच. ज्याची जमा रक्कम त्याची स्वतःची असते, खर्च थोडा असतो, त्याच्यासाठी ते बनलंय. ज्याच्या खात्यातून पैसे फक्त वाहून जातात त्याच्यासाठी तो सापळा आहे. आणि ज्या दहा जणांना ५ लाख ४० हजार मिळाले त्यांचं काय? त्यांच्या नावावर एक ओळसुद्धा नाही. कोविडमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा मदतीचा अर्ज भरताना ‘कलावंत असल्याचा पुरावा’ मागितला गेला. ढोलकीवाल्यानं हाताचे घट्टे दाखवावेत काय? बँकेत कर्ज मागायला गेला तर तो बेरोजगार. बेरोजगार माणूस वर्षात सत्तर रात्री वाजवतोय.

पथकांनी लगेच करण्याजोगं एक काम आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. आयकर नियमावलीत नियम ३७ बीए आहे. कापलेला कर एकाच्या नावावर आणि उत्पन्न खरं दुसऱ्यांचं असेल, तर पथकप्रमुखानं पैसे देणाऱ्याकडे तसं लेखी घोषणापत्र द्यायचं: कोण, पत्ता, पॅन, किती रक्कम, आणि त्यांच्या नावावर क्रेडिट देण्याचं कारण. मग कर कापणाऱ्यानं तो त्या त्या माणसाच्या पॅनवर दाखवायचा असतो. अकरा जणांत वाटला गेला तर कागदावर अकरा कलावंत उभे राहतात. एप्रिल २०२५ पासून १९४ जे ची मर्यादा तीस हजारांवरून पन्नास हजार झाली आहे, त्यामुळे प्रत्येकाशी वेगळा करार करून प्रत्येकाच्या खात्यात पैसे दिले तर बऱ्याच जणांचा कर कापलाच जाणार नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत. खात्यांनी आणि आपल्या संस्थांनीही पावतीवरचा ‘मानधन’ शब्द खोडून ‘कामाचा मोबदला’ लिहायला सुरुवात करावी. फुकट होणारी गोष्ट आहे.

काकांचं सुधारित रिटर्न भरायचं आहे. आम्ही आयटीआर ३ ची तयारी करतोय. त्यासाठी वही लागते, आणि काकांकडे वही आहे. लाल पुठ्ठ्याची, शाळेतली दोनशे पानी. कार्यक्रमाची तारीख, गाव, कुणाला किती दिले, पुढं सही किंवा अंगठा. गेल्या रविवारी सगळं पथक आमच्या ऑफिसात बसलं होतं, राहिलेल्या सह्या घ्यायला. हलगीवाल्यानं स्वतःची वर्षाची बेरीज पहिल्यांदाच बघितली, ५८ हजार. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, “हे माझ्या नावावर लागलं तर माझ्या पोराची स्कॉलरशिप नाय ना जाणार?”

नाही जाणार, असं त्याला सांगितलं. अकरापैकी चौघांकडे पॅन कार्ड नाही, ते आधी काढायचं आहे.